पानिपतचें दुःख : कागदांतील व कादंबरींतील

१४ जानेवारी १७६१ च्या रणाविषयीं आमच्या वाचकांस नवीन सांगण्यासारखें थोडेंच आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला, तो याच काळच्या पत्रांचा. ते १९२६ अखेर धुळ्यास निवर्तले आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवें तेथें संशोधन मंडळ निघालें. प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. त्या घावाचें दुःख कोठें नोंदलें गेलें, दप्तरांत कीं ललित वाङ्मयांत? श्री. विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी (१९८८) या दृष्टीनें आम्हीं पुन्हां वाचली.

पराभवाची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांस सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेंत कळली. पडलेले मातबर मोत्यांनीं व मोहरांनीं सांगितले होते. रुपये-खुर्दा, म्हणजे सामान्य माणसें, गणतींतच नव्हतीं. पुढें पांच महिन्यांत पेशवेहि वारले. अठरा वर्षांच्या नाना फडणिसांची आई त्या पळापळींत अंतरली. आपल्या त्रोटक आत्मवृत्तांत त्यांनीं तें सांगितलें आहे. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. भाऊसाहेबांच्या तोतयास तर इतके लोक मिळाले कीं, १७७६ सालीं त्यास देहान्त शासन होईपर्यंत राज्यास स्वस्थता नव्हती. एका स्त्रीची आशा समाजांतहि पुष्कळांची होती, असाच याचा अर्थ आम्ही करतों.

श्री. पाटील यांचा विशेष हा कीं, छावणींतील उपासमार ते वाचकाच्या अंगावर आणतात. कोणत्याहि एका कागदानें हें साधत नाहीं. परंतु भाऊसाहेबांवरील ठपका पुसणें हा त्यांचा मुख्य हेतु आहे. म्हणून ग्रंथ पुष्कळदां खटल्याचें रूप घेतो, व लष्कराचें दुःख नायकाच्या बाजूचा पुरावा होऊन राहतें. मोत्यांचा हिशेब झाला. खुर्द्याचा राहिला, असें आम्हांस वाटतें.

१७६० सालीं ही फौज खानदेशची जुनी राजधानी जें बऱ्हाणपूर, त्यावरून नर्मदेकडे गेली. तिच्याबरोबरचे बुणगे, यात्रेकरू व बायकामुलें यांपैकीं परत किती आलीं? राजकारणी पत्रांत याचें उत्तर मिळणें कठीण. मिळालेंच तर तें घरगुती कागदांत मिळेल: न परतलेल्याच्या वांट्याचा तंटा, वतनाच्या वारसाचा अर्ज, श्राद्धतिथीची टीप. असे कागद किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत, ही जळगांव-धुळ्याच्या संग्राहकांस आमची विनंती आहे. पुढील कादंबरीकारास त्यांवांचून गति नाहीं.