तापमान कळले, पुढे काय?

मधुमेही रुग्णाच्या मोज्यात, चपलेत किंवा पायाखालच्या चटईत सेन्सर बसवला की पाय कापण्याची वेळ टळेल, असा दावा अलीकडे वरचेवर केला जातो. त्यात तथ्य किती आणि उत्साह किती, हे तपासून पाहू.

आधी तत्त्व समजून घेऊ. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांचे मज्जातंतू निकामी होऊ लागतात व पाय बधिर होतो. खडा टोचला, चप्पल चावली तरी कळत नाही. त्याच जागी रोज दाब पडत राहतो, आतील ऊती दुखावतात, दाह सुरू होतो, रक्तप्रवाह वाढतो आणि त्वचा गरम होते. हे पुष्कळदा जखम दिसण्यापूर्वीच घडते. म्हणून दोन्ही पायांवरील समान जागांचे तापमान ताडून पाहतात. फरक २.२ अंश सेल्सिअसहून अधिक राहिला तर तो धोक्याचा इशारा. तुलना पायाची पायाशीच असल्याने बाहेरच्या उन्हाथंडीचा परिणाम बराचसा वजा होतो. कल्पना साधी आणि चांगली आहे.

पुरावाही आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १७३ रुग्णांवर १५ महिने लक्ष ठेवले होते. नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी २९.३ टक्के रुग्णांना व्रण झाले. रोज तापमान मोजणाऱ्यांत हे प्रमाण ८.५ टक्के होते. मात्र त्यांच्याकडे हातात धरायचा साधा तापमापक होता, आणि फरक दिसताच चालणे कमी करून परिचारिकेला कळवायचे, अशी त्यांना सूचना होती. गुण नुसत्या मोजण्याचा नव्हता. मोजून थांबण्याचा होता.

२०१७ सालच्या सेन्सरच्या चटईच्या अभ्यासात ९७ टक्के व्रणांची चाहूल सरासरी ३७ दिवस आधी लागली. पण खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण ५७ टक्के होते. मर्यादा ३.२ अंशांपर्यंत वाढवली तेव्हा खोटे इशारे ३२ टक्क्यांवर आले, पण खरे व्रणही ७० टक्केच सापडले. शिवाय एक पाय आधीच कापलेला असेल तर तुलना कशाशी करणार?

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे वळू. पाथर्डीहून ऊसतोडीला गेलेल्या मजुराला यंत्राने ‘पाय टेकू नका’ असे सांगितले, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? तीत निम्मे इशारे खोटे निघाले, तर तो यंत्रावर किती दिवस विश्वास ठेवील?

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय रोज पाहणारे, धुऊन कोरडा करायला सांगणारे आणि वेळेवर दवाखान्यात नेणारे माणूस गावात असेल, तर सेन्सर त्याच्या हातातले उत्तम हत्यार ठरेल. असे माणूस नसेल, तर इशारा ऐकणार कोण?

करोनाच्या काळात आलेले अवरक्त तापमापक अनेक शाळांत पडून असतील. त्यांत वस्तूच्या पृष्ठभागाचे तापमान मोजण्याची सोय असल्यास विद्यार्थ्यांना आपल्या दोन्ही तळपायांवरील सहा-सहा जागा आठवडाभर मोजू द्याव्यात. निरोगी पायांतही थोडा फरक पडतो, हे त्यांच्या लक्षात येईल. मग मर्यादा कुठे आखायची आणि ती ओलांडल्यावर कोणी काय करायचे, हे प्रश्न वर्गात मांडावेत. पहिल्याचे उत्तर आकडेवारी देते. दुसऱ्याचे उत्तर गावाला द्यावे लागते, आणि आमच्या मते पाय वाचणे त्यावरच अवलंबून आहे.