पुन्हा त्याच जागी: भारतीय वृत्तछायाचित्रणाची आजची स्थिती

जून उजाडला की मराठी वृत्तपत्रांतली छायाचित्रे आधीच ठरून गेल्यासारखी वाटतात. शाळेच्या पहिल्या दिवशी रडणारे मूल, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुटणारी लाट, दिवे घाट चढणारी पालखी आणि तिच्या मागेपुढे भगव्या पताकांची नागमोडी रांग. पाऊस लांबला तर भेगाळलेल्या रानात उकिडवा बसून आभाळाकडे पाहणारा शेतकरी. यातले प्रत्येक दृश्य कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा पाहिले होते आणि ते पाहणे अस्सल होते. त्यानंतर उरली ती उजळणी. जागा तीच, कोन तोच आणि बहुधा फोटोओळही तीच.

याच देशातल्या छायाचित्रकारांची जगातली कामगिरी मात्र थक्क करणारी आहे. २००४च्या त्सुनामीनंतर कडलूरच्या वाळूवर आप्ताच्या मृतदेहाशेजारी कोसळलेल्या बाईचे अर्को दत्ता यांनी टिपलेले छायाचित्र ‘वर्ल्ड प्रेस फोटो’च्या स्पर्धेत वर्षाचे सर्वोत्तम ठरले. २०२० साली काश्मीरच्या कोंडीतले जगणे दाखवणारे चन्नी आनंद, मुख्तार खान आणि दार यासीन यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. २०२२ साली भारतातल्या कोविडकाळाच्या छायाचित्रांसाठी तोच सन्मान दानिश सिद्दिकी, अदनान आबिदी, सना इर्शाद मट्टू आणि अमित दवे यांच्याकडे आला. सिद्दिकी आदल्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक इथे वार्तांकन करताना मारले गेले होते.

एवढी ताकद असलेल्या देशात रोजच्या पानावरचे छायाचित्र इतके थकलेले का दिसते? कौशल्य, साधने आणि धाडस यांपैकी कशाचीच वाण नाही. वाण आहे ती त्याच जागी पुन्हा जाण्याची मुभा देणाऱ्या व्यवस्थेची. भारतीय वृत्तछायाचित्रणातले जे काम टिकले, त्यातले बहुतेक अशा परत जाण्यातून आले आहे. काश्मीरचे ते तिघे जम्मू-काश्मीरमध्येच राहणारे होते. दिल्लीच्या स्मशानभूमींत पेटलेल्या चिता टिपणाऱ्यांच्या स्वतःच्या शहरात ती साथ होती. बातमी त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा ती जागा त्यांना आधीपासून ठाऊक होती.

अर्थात काही छायाचित्रे केवळ क्षणाची असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सेबॅस्टियन डिसूझा यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये बंदूकधारी अजमल कसाबला टिपले, तेव्हा हाताशी होते ते धैर्य आणि काही क्षण. तेच छायाचित्र पुढे खटल्यात पुरावा ठरले. अशा कामाचे मोल वादातीत आहे. पण देश अशा रात्रींनी बनत नाही. तो बनतो उरलेल्या दिवसांनी, आणि त्या दिवसांचे छायाचित्रण ही वेगळी, संथ विद्या आहे.

या विद्येची परंपरा भारतात जुनी आहे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी असलेल्या सुनील जाना यांना कॅमेऱ्यासह बरोबर घेतले. सोबतीला चित्रकार चित्तप्रसाद होते. ‘पीपल्स वॉर’ या पक्षाच्या नियतकालिकात आलेल्या जानांच्या छायाचित्रांनी दुष्काळाला चेहरे दिले. त्यांची थोरवी तेवढ्यावर संपत नाही. पुढे अनेक वर्षे ते मजूर, कोळी, शेतकरी आणि आदिवासी यांच्यात फिरत राहिले. दुष्काळात अस्थिपंजर माणसे दाखवणाऱ्या त्याच कॅमेऱ्याने नंतर काम करणारी, ताठ उभी राहणारी माणसे दाखवली. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय जाना कळत नाहीत.

म्हैसूरचे टी. एस. सत्यन यांनी तर साध्या दिवसालाच आपला विषय केले. शाळेतली मुले, बाजार, दवाखान्याची पायरी, लस टोचून घेणारा हात. सत्यन यांच्या चौकटीत कुणी दीनवाणे नसते आणि कुणी नमुना म्हणूनही उभे नसते. होमाई व्यारावाला यांच्या बाबतीत आपल्या स्मरणशक्तीचीच उणीव दिसते. नेहरू, माउंटबॅटन आणि सत्तांतराच्या सोहळ्यांची छायाचित्रकार म्हणून त्या सर्वांना माहीत आहेत. १९४२ मध्ये दिल्लीला जाण्यापूर्वी त्यांनी मुंबईचे रोजचे जगणे आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मैत्रिणी टिपल्या होत्या. त्यांतली बरीच छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. स्वतःच्या आनंदात, कुणाच्याही परवानगीची वाट न पाहणाऱ्या त्या तरुण मुली आज पाहताना वाटते की त्यांतून उलगडणारी मुंबई एखाद्या राजकीय सोहळ्याइतकीच महत्त्वाची आहे.

पुन्हा जाणे म्हणजे काय, हे भोपाळने सर्वांत स्पष्ट दाखवले. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळतीनंतर पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बाळाचा चेहरा पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत आणि रघु राय यांनी कृष्णधवल टिपला. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीच्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च मान मिळाला. ती प्रतिमा जगाच्या डोळ्यांपुढून आजही हटत नाही. पण राय काही वर्षांनी ‘ग्रीनपीस’साठी पुन्हा भोपाळला गेले. त्या वेळी समोर मृतदेह नव्हते. होते ते दम लागणारे, उपचारांसाठी खेटे घालणारे, गंजत चाललेल्या कारखान्याच्या भिंतीआड राहणारे लोक. पहिले छायाचित्र धक्का देते. दुसरी मालिका हिशेब मागते. वृत्तपत्राला पहिले हवे असते, नागरिकाला दोन्हींची गरज असते.

पूर्वी अशा कामासाठी छापील जागा होती. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’सारख्या साप्ताहिकात छायाचित्रमालिकेला सलग पाने मिळत. ते १९९३ मध्ये बंद पडले. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत छायाचित्र हळूहळू मजकुराची सजावट झाले. आता जिल्ह्याच्या गावी वार्ताहरच मोबाइलवर फोटो काढून बातमीबरोबर पाठवतो आणि कार्यक्रमाचे फोटो आयोजकांकडूनच येतात. पगारी छायाचित्रकार उरला असेल तर एका दिवसात पत्रकार परिषद, मोर्चा, अपघात आणि उद्‌घाटन उरकून त्याला सगळे फोटो संध्याकाळपूर्वी संकेतस्थळासाठीही द्यावे लागतात. अशा माणसाकडून दिवे घाटात नवा कोन शोधण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तरीही काही जणांनी वाट काढली. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईत इंग्रजी दैनिकाच्या नोकरीत होते. ती सांभाळून ते महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर गटारांत, कचऱ्याच्या गाड्यांवर आणि त्यांच्या घरांत जात राहिले. शहर ज्यांच्याकडे पाहायचे टाळते, त्यांना ओलवे यांच्या छायाचित्रांत नाव, घर आणि राग आहे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर हिंडून राहुटीमागचे जग टिपले आणि वारीही चालणाऱ्यांच्या बाजूने पाहिली. घाटमाथ्यावरून काढलेल्या फोटोत वारकरी ठिपके होतात. भंडारे यांच्याकडे ते स्वयंपाक करतात, पाय चेपतात, हसतात.

तमिळनाडूतले पलनी कुमार यांचे काम या पिढीत वेगळे उठून दिसते. मदुराईजवळच्या गावात, मासे विकणाऱ्या आईच्या घरी ते वाढले. हाताने मैला उपसणाऱ्या कामगारांचे मृत्यू आणि त्यांची कुटुंबे, रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडी मारून शेवाळ गोळा करणाऱ्या बाया हे त्यांचे विषय. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’मुळे, म्हणजे ‘पारी’मुळे, त्यांना सलग काम करता आले. दयानिता सिंग यांच्या साहाय्याने ‘पारी’ने सुरू केलेला पहिला दस्तऐवजी छायाचित्रण पुरस्कार २०२२ साली त्यांनाच मिळाला. पाण्याखालच्या त्या बायांकडे पाहताना कुठेही दयेचा सूर लागत नाही. त्यांचे कौशल्य दिसते, आणि ते किती स्वस्तात विकत घेतले जाते तेही दिसते.

वन्यजीवांच्या छायाचित्रणात चित्र उलटे आहे. इथे माणसे भरपूर आहेत, साधनेही आहेत, आणि तरी काहीतरी हरवले आहे. या शाखेचा पाया एका वनाधिकाऱ्याने घातला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या जंगलांत वाटेवर तार ताणून वाघांना स्वतःचाच फोटो काढायला लावले. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो, हेही त्यांच्या लक्षात आले होते. आज कॅमेरा ट्रॅप लावून वाघांची गणना होते ती याच तत्त्वावर. पुढे एम. कृष्णन यांनी सुट्या भागांतून जोडलेल्या अवजड कॅमेऱ्याने दक्षिणेतले हत्ती आणि गवे टिपले. १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘स्टेट्समन’मध्ये त्यांचे निसर्गावरचे सदर अखंड चालले. त्यांचा वन्यप्राण्यांवरचा ग्रंथ मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ने प्रसिद्ध केला. कृष्णन यांच्या छायाचित्रात प्राण्याभोवतीचे गवत, झाडी आणि उतार यांनाही तितकाच मान असतो.

आता लांब पल्ल्याच्या भिंगांतून वाघाच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो, पण तो कुठे उभा आहे ते कळत नाही. मागची पार्श्वभूमी धूसर करून टाकली जाते आणि तिच्याबरोबर रस्ता, शेत, खाण आणि पाठीमागच्या जिप्सींची रांगही पुसली जाते. ही रांग किती खरी आहे हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सर्वांनी पाहिले. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. त्या दिवशीचे सर्वांत महत्त्वाचे वन्यजीव छायाचित्र वाघिणीचे नव्हते. ते गाड्यांच्या गराड्याचे होते.

हाच गराडा चौकटीत घेण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांचे काम लक्षात राहते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत बिबट्यांची ये-जा असते. नयन खानोलकर यांनी तिथल्या एका गल्लीत कॅमेरा ट्रॅप लावून काही महिने वाट पाहिली. गल्लीत नेहमी पडतो तसाच उजेड, दोन्ही बाजूंना घरे आणि मधून निवांत चालणारा बिबट्या. २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार या छायाचित्राला मिळाला. बिबट्या दिसला की आरडाओरडा करणाऱ्या बातम्यांना ते शांतपणे खोडून काढते. त्याच्या उलट टोकाला बिप्लब हाजरा यांनी पश्चिम बंगालच्या बांकुरा जिल्ह्यात टिपलेले दृश्य आहे. जमावाने फेकलेल्या आगीच्या गोळ्यांतून पळणारी हत्तीण आणि तिच्यामागे पिल्लू. २०१७ साली ‘सँक्चुअरी एशिया’ने या छायाचित्राला सर्वोच्च पुरस्कार दिला. दोन्ही छायाचित्रे एकाच वेळी निसर्गाची, रोजच्या जगण्याची आणि बातमीची आहेत. संपादकीय टेबलावरचे विभाग त्यांना लागू पडत नाहीत.

भूदृश्यांच्या वाट्याला याहून अधिक उपेक्षा आली. धुके, धबधबा, कासची फुले, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा: सगळे देखणे आणि सगळे कॅलेंडरसारखे. जमीन बदलते, ही गोष्टच या फोटोंत नसते. १८६६ मध्ये सॅम्युअल बॉर्न जड काचपट्ट्या हमालांच्या पाठीवर देऊन गोमुखापर्यंत पोचले. त्यांनी सौंदर्यासाठी टिपलेली हिमनदी आज पुरावा झाली आहे, कारण त्याच जागेचे आजचे छायाचित्र शेजारी ठेवता येते आणि बर्फ किती मागे सरला ते दिसते. आरती कुमार-राव यांनी हीच दृष्टी हेतुपूर्वक वापरली. फराक्का धरणापाशी खचणारा गंगेचा काठ, ब्रह्मपुत्रेचा प्रदेश आणि थरच्या वाळवंटात पाणी राखण्याची जुनी जाण यांच्याकडे त्या अनेक ऋतूंत परतल्या. २०२३ मध्ये आलेले त्यांचे ‘मार्जिनलँड्स’ हे पुस्तक त्यातून उभे राहिले. मराठवाड्याचा दुष्काळ अजूनही भेगाळलेल्या जमिनीच्या एकाच फोटोत उरकला जातो. विहिरी, बोअरवेलचे ट्रक, टँकरचा फेरा, शेजारचा हिरवागार ऊस आणि साखर कारखान्यांकडे निघालेले तोडणी मजूर हे सगळे एका चौकटीत मावत नाही. त्याला मालिका लागते.

पुन्हा जाण्यासाठी आधीचे काम जपलेले असावे लागते, आणि तिथेही अनास्था आहे. कुलवंत रॉय यांनी टिपलेल्या स्वातंत्र्यकाळाच्या निगेटिव्ह १९८४ मध्ये त्यांच्या निधनानंतर पेट्यांत पडून होत्या. आदित्य आर्य यांनी त्या दोन दशकांहून अधिक काळानंतर उघडल्या आणि त्यातून एक संग्रह वाचला. व्यारावाला यांचे काम दिल्लीच्या अल्काझी संग्रहात आहे. बंगळुरूत २०२३ मध्ये कला आणि छायाचित्रणाचे स्वतंत्र संग्रहालय उघडले, चेन्नईत २०१६ पासून छायाचित्रणाचा द्वैवार्षिक महोत्सव भरतो. मराठी दैनिकांच्या संग्रहांना मात्र असे घर नाही. छायाचित्रकाराने नोकरीत काढलेल्या फोटोचा प्रकाशनहक्क कायद्याने वृत्तपत्राकडे जातो, मग तो फोटो जपण्याची, त्यावर तारीख, गाव आणि टिपणाऱ्याचे नाव नोंदवण्याची जबाबदारीही वृत्तपत्राची आहे. एखाद्या दैनिकाने एका छायाचित्रकाराला वर्षभर एकच तालुका द्यावा, महिन्याला एक पूर्ण पान द्यावे आणि त्याच तालुक्याचे कपाटातले जुने फोटो त्याच्या हाती सोपवावेत. सोलापूर, गडचिरोली, रत्नागिरीत हे काम करू शकणारी माणसे आहेत. आज ती लग्नाचे अल्बम करून आपला कॅमेरा चालू ठेवत आहेत.