एकशेवीस पानांचा डाव

आपल्या बंगळूरच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांतली विशी-पंचविशीची मुलं रविवारी दुपारी कोरमंगला किंवा इंदिरानगरच्या एखाद्या बोर्डगेम कॅफेत जमतात आणि चार-चार तास पत्ते खेळतात. रमी नव्हे, बदामसातही नव्हे. त्यांच्या पानांवर ड्रॅगन असतात, चेटकिणी असतात, पंखवाले सिंह असतात. प्रत्येक पानाला प्लॅस्टिकचं स्वतंत्र तंग पाकीट, ज्याला ती ‘स्लीव्ह’ म्हणतात. आयांना वाटतं, एवढी शिकली-सवरली आणि अजून पोरखेळ सुटत नाही. मला मात्र या मुलांचं मनापासून कौतुक वाटतं. सावंतवाडीच्या गंजिफ्याला, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, आपण मराठी माणसांनी जे द्यायचं सोडलं, ते ही मुलं आपल्या पानांना दर आठवड्याला देतात. ती पानं वाटतात, उतारी करतात, हरतात आणि पुन्हा पिसतात.

हा छंद ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 1993 मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ आणला. तोवर पत्त्यांचा जोड म्हणजे सहसा ठरलेली बावन्न पानं. इथे हजारो पानांतून ज्याने त्याने आपला जोड जुळवायचा, कुणाचा साठ पानांचा, कुणाचा शंभर पानांचा, आणि दोन माणसांचे जोड सहसा सारखे नसतात. तीन वर्षांनी जपानात पोकेमॉनची पानं आली आणि हे वेड जगभर पसरलं. आपल्या घरात ते त्याआधीच शिरलं होतं. बिग फन च्युइंगमबरोबर येणारी क्रिकेटची पानं, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रंप कार्डं, पुढे वेफर्सच्या पाकिटातले गोल टॅझो: आज चाळिशीत असलेल्या कुठल्याही बापाने यातलं काहीतरी शाळेच्या दप्तरात लपवलेलं असणार.

या पानांतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी बारीक अक्षरांत असते. मॅजिकच्या प्रत्येक पानावर, तळाशी, ते चित्र काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. ‘ब्लॅक लोटस’ या सर्वांत प्रसिद्ध पानावर ख्रिस्तोफर रशचं नाव पहिल्या दिवसापासून आहे. आपल्या मुलांना असे पंधरा-वीस चित्रकार नावानिशी पाठ असतात. सावंतवाडीच्या जुन्या गंजिफ्यातलं कूर्माचं पान कुणी रंगवलं, हे विचारलं तर आपण फार तर ‘चितारी’ एवढंच सांगू शकतो.

आता ग्रेडिंगविषयी. पान जपून ठेवायचं असेल किंवा विकायचं असेल, तर ते अमेरिकेतल्या पीएसएसारख्या कंपनीकडे पाठवतात. तिथले तपासनीस चित्राचा मध्य, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग बघतात, एक ते दहा असा आकडा देतात आणि पान कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. दहा आकडा मिळालेल्या पानाची किंमत नऊवाल्याच्या कित्येक पट असू शकते. या व्यवहारात पैशाचा भाग मोठा आहे, हे खरंच. पण त्यामुळे मुलांना बघायची जी सवय लागते, तिचं मोल मला जास्त वाटतं. पान उजेडात तिरकं धरायचं, ओरखडा शोधायचा, कडेला पांढरं पडलंय का ते न्याहाळायचं. पावसाळ्यात चकचकीत फॉइलची पानं दमट हवेने वाकतात म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. वस्तूवर एवढं प्रेम करायला आपण कुणाला शिकवतो? डबीत बंद केलेलं पान मात्र पुन्हा डावात येत नाही, आणि तिथे माझं मन अडतं.

माझ्याकडे दशावतारी गंजिफ्याचा एक जोड आहे, सावंतवाडीहून आणलेला, सरकत्या झाकणाच्या रंगीत लाकडी पेटीतला. एकशेवीस गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. परिसरातली एक मुलगी, मॅजिक आणि पोकेमॉन दोन्हींचा मोठा संग्रह असलेली, एकदा घरी आली तेव्हा मी पेटी तिच्यापुढे ठेवली. तिने आधी हात धुतले. मग एक पान खिडकीशी नेऊन तिरकं केलं. ‘काका, याला कोपरेच नाहीत,’ ती हसून म्हणाली, ‘आणि एकही कासव दुसऱ्यासारखं नाही.’ मग ती बराच वेळ पानांच्या कडा बघत बसली. लाखेखालचे थर तिला दिसत होते. मी तिला सांगितलं, की कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, वर खडूचा लेप देतात, दगडाने घोटून गुळगुळीत करतात, गोल कापतात, रंगवतात आणि शेवटी लाख चढवतात. तिने विचारलेला पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. तिने विचारलं, ‘हे खेळतात कसं?’

हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत फार कमी लोकांनी विचारला आहे. गंजिफा इराणकडून आला. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हुसेनला गंजिफ्याची पानं पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने अकबराच्या बारा रंगांच्या, 144 पानांच्या जोडाचं वर्णन केलं आहे. आपल्याकडे त्या रंगांच्या जागी विष्णूचे अवतार आले. अर्धा सिंह-अर्धा माणूस, पाठीवर पर्वत पेलणारं कासव, तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा बटू! आजच्या मुलांना पानांवर जे अद्भुत हवं असतं ते कोकणातल्या चिताऱ्यांनी चिंचोक्याच्या खळीवर कधीच उतरवून ठेवलं होतं.

बंगळूरकरांनी या बाबतीत म्हैसूरची गोष्ट लक्षात ठेवावी. मुम्मडी कृष्णराज वडेयर (1794–1868) यांना पत्त्यांचं विलक्षण वेड. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या ग्रंथाच्या कौतुकनिधी या भागात त्यांनी रचलेले पत्त्यांचे खेळ आहेत. त्यांतले काही जोड अठरा रंगांचे, काही 360 पानांपर्यंत जाणारे, एकेका रंगात सहसा बारा आकडी पानं आणि सहा दरबारी. चित्रकलेच्या दृष्टीने त्यांना तोड नाही. पण इतके अवघड खेळ राजवाड्याबाहेर कुणी फारसे खेळल्याचं दिसत नाही. पुढे गंजिफा रघुपती भट्ट यांनी आयुष्य वेचून म्हैसूर शैलीतली ही चित्रकला पुन्हा उभी केली, म्हैसूर गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज ती पानं दिवाणखान्यात चौकटीत लावलेली दिसतात. मला ती बघून आनंद होतो, आणि हुरहुरही लागते.

सावंतवाडीत असंच घडलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गंजिफा रंगवणारे जवळजवळ उरले नव्हते. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ही विद्या तरुणांना शिकवली आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. त्या दोघांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. मुंबईत राहिलेला जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन याने देशभर फिरून गंजिफा गोळा केला आणि 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचं प्रदर्शन लागलं. थोडक्यात, रंगवणारे वाचले, जमवणारे मिळाले. खेळणारे राहून गेले.

म्हणून मी त्या मुलीला खेळ शिकवला. तिने आणखी दोघांना आणलं आणि आम्ही जमिनीवर पांढरी चादर पसरली. आम्हा चौघांपैकी एका वेळी तीन खेळाडू, प्रत्येकी चाळीस पानं. चाळीस गोल पानं एका हातात धरणं हीच आधी एक कसरत, पण मुलांनी ती लगेच साधली. ‘हुकूम कुठला?’ एकाने विचारलं. हुकूम नाहीच. राजा सर्वांत मोठा, मग प्रधान. त्यानंतर पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. वरची पानं पडून गेली की खालचं साधं पान त्या रंगात राजासारखं चालतं. त्यामुळे काय पडलं आणि काय उरलं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. इथे या मुलांची तयारी कामाला आली. समोरच्याच्या जोडात कुठलं पान असेल याचा अंदाज बांधत त्यांनी एवढे रविवार घालवले आहेत, की दहा रंगांचा हिशेब त्यांना जड गेला नाही. दुसऱ्या डावात मी हरलो. तिसऱ्यात त्यांनी मला माझीच पडलेली पानं मोजून दाखवली.

यंदाच्या गणेशोत्सवात, आरती आणि महाप्रसाद झाल्यावर, मंडळाच्या वरच्या खोलीत दशावतारी गंजिफ्याची बैठक घालावी, असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. शिकवायला ही तीन मुलं तयार आहेत. ज्येष्ठांपैकी कुणी लहानपणी कोकणात हा खेळ पाहिला असेल, तर त्यांनी अगत्याने यावं, कारण घराघरांतले बारीकसारीक नियम पुस्तकांत सापडत नाहीत. पेटी मी आणतो. पान धरण्याआधी हात मात्र धुवावे लागतील, त्या बाबतीत ती मुलगी कडक आहे. पहिली उतारी कुणाची, यावर वाद नको म्हणून आधीच सांगतो. दिवसा बसलो तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो आणि रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा तो. आपण रात्री बसणार, तेव्हा कृष्ण ज्याच्या हाती येईल त्याने पहिलं पान टाकावं.