सिल्लाची राणी आणि पडद्यावरील दरबार

दक्षिण कोरियातील एमबीसी वाहिनीने २००९ साली प्रसारित केलेली ‘राणी सोनदोक’ ही ६२ भागांची मालिका बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावी. मात्र सावधपणे पाहावी. सोनदोक (राज्यकाल इ. स. ६३२ ते ६४७) ही प्राचीन कोरियातील सिल्ला राज्याची पहिली सत्ताधीश स्त्री होय. तिच्या मातेचे नाव माया; पित्याचे मूळ नावही शुद्धोदनाच्या चिनी रूपावरून घेतलेले. राजघराण्याची ही बौद्ध निष्ठा ध्यानी घेतल्याशिवाय तिचे चरित्र उलगडत नाही.

जन्मताच दरबाराबाहेर नेलेली राजकन्या दोकमान पुरुषवेषात परतते आणि सत्तेची सूत्रे हाती ठेवणाऱ्या मिशिलशी झुंज देते, असे हे कथानक आहे. यातील बराच भाग कल्पित आहे. मिशिलचा उल्लेखही एका वादग्रस्त हस्तलिखितातच सापडतो. तथापि मालिकेचा खरा कस सूर्यग्रहणाच्या प्रसंगी लागतो. पंचांगाचे ज्ञान दडवून मिशिल दैवी अधिकार गाजविते. दोकमान वेधशाळा उभारून तेच ज्ञान सर्वांस खुले करू पाहते. ज्ञानाची मक्तेदारी हाच सत्तेचा पाया असतो, हे येथे प्रभावीपणे मांडले आहे. राणीच्या काळातील मानली जाणारी ती वास्तू, चोमसोंगदे, ग्योंगजू येथे आजही उभी आहे.

आक्षेप आहे तो शेवटास. इ. स. ६४७ मध्ये बिदामने बंड केले ते ‘स्त्रीला राज्य चालविता येत नाही’ असे उघड सांगून. त्यापूर्वी ६४३ साली चीनच्या तांग सम्राटानेही स्त्री-राज्याकडे बोट दाखवून आपला आप्त राजा म्हणून पाठविण्याचे सुचविले होते. ११४५ साली इतिहास संकलित करणाऱ्या किम बुसिक या कन्फ्यूशियन पंडितानेही तिच्या राज्यारोहणास दूषणच दिले. मालिकेत मात्र बिदाम हा गैरसमजाने भरकटलेला प्रियकर ठरतो. विचारसरणीचे बंड प्रेमभंगात विरघळते आणि स्त्रीद्वेष्टा अपराधी सहानुभूतीचा धनी होतो.

सिल्लातील ‘अस्थिक्रम’ ही जन्माधिष्ठित उतरंड होती. पद, घराचा आकार, वस्त्रांचा रंग, सारे जन्मावरून ठरे. ‘पवित्र अस्थी’चा पुरुष वारस उरला नाही म्हणूनच सोनदोक सिंहासनावर आली. अर्थात, ज्या नियमाने तिला मुकुट दिला त्यानेच असंख्यांना दाराबाहेर ठेवले. भिक्खू जाजांग यांच्या सल्ल्याने ६४५ साली उभारलेला ह्वांगन्योंगसा विहाराचा नऊ मजली स्तूपही राज्यरक्षणासाठीच होता. राजाश्रय मिळाला तरी जन्मभेद संपला नाही, हे आपणही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

राणीला धोका होता तो एखाद्या मिशिलचा नव्हे, व्यवस्थेचा. बंडाच्या धामधुमीतच सोनदोकचे निधन झाले. पण बंड मोडले आणि सिंहासनावर पुन्हा स्त्रीच बसली, राणी जिन्दोक. बिदामच्या घोषणेला इतिहासाने दिलेले हे उत्तर मालिकेतील अश्रूंपेक्षा अधिक बोलके आहे.