सुनेला माहेरी का धाडले?

श्रावणातल्या कहाण्या आपण इतक्या लहानपणी ऐकतो, की त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून पाहायचे राहूनच जाते. शिळासप्तमीची कहाणीच घ्या. राजाने गाव वसवले, तळे बांधले. पाणी काही लागेना. जलदेवतांनी सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागितला. आमच्या उमरीच्या बाजूला उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसू लागतात. तिथे ही मागणी ऐकताना कुणाला हसू येत नाही.

अशा कथा जगभर आहेत. ऐतरेय ब्राह्मणातला अजीगर्त शंभर गाईंना पोटचा शुनःशेप विकतो, आणखी शंभर घेऊन त्याला यूपाला बांधतो आणि पुन्हा शंभरांसाठी सुरी परजतो. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकात ॲगमेम्नॉन लग्नाचे निमित्त सांगून लेकीला बोलावून घेतो. तरीही आपल्या स्वस्त चोपडीतली कहाणी मला या दोहोंहून सूक्ष्म वाटते. राजा नातवाला न्हाऊमाखू घालतो, जेवू घालतो, पलंगावर निजवून तळ्यात ठेवतो. पण त्याआधी तो सुनेला माहेरी धाडतो.

म्हणजे राजाला ठाऊक होते! देवतांची आज्ञा, गावाची तहान, राजाचा अधिकार, सारे त्याच्या बाजूला. आणि तरी एका बाईसमोर उभे राहायची छाती नाही. शुनःशेपाच्या आईने धाकट्याला तेवढे पाठीशी घातले. मधल्याच्या सौद्याला ती राजी झाली. आमच्या कहाणीकर्तीने आईला राजी होऊच दिले नाही. (कर्ती म्हणतो, कारण ही बाईनेच रचली असणार.)

पुढे सून परतते, तळ्याच्या पाळीवर वसा वसते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवते. आणि बुडालेले पोर तिचा पाय ओढू लागते. पाय ओढणे! आम्ही कादंबरीकारांनी इथे चार पाने अश्रू ढाळले असते.

मात्र माझे भांडण आहे ते याच शेवटाशी. तळ्याला पाणीही राहिले आणि मूलही मिळाले. राजाला काहीच मोजावे लागले नाही. आमच्याच मराठवाड्यात मानवतला 1972 ते 1974 या काळात बायका आणि कोवळ्या मुली मारल्या गेल्या. गुप्तधनासाठी बळी दिल्याचा तो खटला देशभर गाजला. त्यातले कुणी परत आले नाही. नरबळीविरुद्धचा कायदा राज्यात व्हायला 2013 साल उजाडले. वर्गात ही कहाणी सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, तळ्यात ठेवलं तेव्हा तो जागा होता का?" कहाणीने हे सांगितलेले नाही.

राजा सुनेला विचारतो, आम्ही बळी दिलेला मुलगा परत आला कसा? एवढाच त्याचा कबुलीजबाब. ती वशाचे पुण्य सांगते, सासऱ्याला उलट काही विचारत नाही. मुलाचा बाप त्या दिवशी कुठे होता, याचा पत्ता नाही. आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते.