सैतान : आरोप आणि आराधना

सैतानाची पूजा करणारे लोक जगात खरोखर आहेत काय, असल्यास ते नेमके कशाची पूजा करतात, आणि त्यांच्याविषयी जे कानांवर येते त्यात तथ्य किती, हे प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित वाचकालाही अधूनमधून पडतात. त्यांची उत्तरे मात्र तो बहुधा भयकथांतून आणि चित्रपटांतून मिळवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे प्रश्न पुष्कळ अंशी वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेतले आहेत. ज्याला आज सैतानवाद म्हणतात तो कोणा प्राचीन गुप्त संप्रदायाचा वारसा नाही. त्याची मुळे अधिक करून काव्याच्या वाचनात आहेत. उलटपक्षी, सैतानपूजेच्या ज्या कथा ऐकून आपण दचकतो त्या बव्हंशी सैतानपूजकांनी सांगितलेल्या नाहीत. दुसऱ्यावर तो आरोप करणारांनी त्या रचलेल्या आहेत. आरोप आणि आराधना ह्या दोन गोष्टी वेगळ्या केल्याखेरीज या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. हिब्रू भाषेत ‘सातान’ म्हणजे विरोध करणारा, आरोप ठेवणारा. जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात हा शब्द उपपदासह येतो. म्हणजे तेथे ते विशेषनाम नसून पदनाम आहे. देवाच्या दरबारात उभा राहून हा फिर्यादी ईयोबाच्या भक्तीविषयी शंका काढतो. सुख आहे म्हणून भक्ती आहे, असा त्याचा आक्षेप. आणि परीक्षेची परवानगी त्याला खुद्द देवाकडूनच मिळते. शिंगे, शेपटी, नरकाचे राज्य यांपैकी तेथे काही नाही. उत्पत्तीच्या ग्रंथातील सर्पालाही सैतान म्हटलेले नाही. ते समीकरण नंतरचे. ‘ल्युसिफर’ हे नाव तर यशयाच्या ग्रंथात बाबेलच्या राजाला उद्देशून आलेल्या प्रभाततारकेच्या उपमेचे लॅटिन भाषांतर आहे. तात्पर्य, आज जो सैतान सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो एका ग्रंथात सापडत नाही. अनेक शतकांनी तो तुकड्यातुकड्यांनी घडवला आहे.

मराठीत हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि लवकरच घरातल्या उनाड पोराला चिकटला. परमेश्वराचा एकमेव आणि कायमचा शत्रू ही कल्पनाच आपल्या पुराणांना परकी आहे. आपले असुर तप करतात, देवांकडूनच वर मिळवतात, आणि त्यांच्यातील एकाच्या राज्याची आठवण आपण अजून बलिप्रतिपदेला काढतो.

गोव्यात ‘देवचार’ या शब्दाचे जे झाले ते या संदर्भात फार बोधप्रद आहे. गोमंतकीय लोकश्रद्धेत देवचार हा गावाच्या वेशीचा राखणदार. रात्री तो काठी घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, आणि त्याला रोट, विडी, सोरो यांचा मान दिला जातो. ख्रिस्ती धर्मोपदेशाच्या कोकणीत मात्र तोच शब्द सैतानाचे नाव म्हणून रूढ झाला. एकाच गावात, एकाच बोलीत, एका शब्दाने कोणी रक्षणकर्ता सुचवतो आणि कोणी मानवजातीचा वैरी. गंमत अशी की, देवचाराची भीड धरणारे आणि त्याला मेणबत्ती लावणारे लोक दोन्ही समाजांत सापडतात. लोकमानसाने शब्दाचा नवा अर्थ घेतला, परंतु जुना टाकला नाही.

हे केवळ भाषांतराचे कौतुक नव्हे. लुदोविको दि वार्थेमा या इटालियन प्रवाशाचे प्रवासवर्णन १५१० साली रोममध्ये छापले गेले. त्यात कालिकतचा राजा आपल्या देवघरात ‘देउमो’ नावाच्या सैतानाची धातूची मूर्ती पुजतो, असे वर्णन आहे. १५१५ च्या जर्मन आवृत्तीतील चित्रकाराने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्याने युरोपीय चर्चच्या भिंतींवरील नरकचित्रांतला सैतान उचलून कालिकतच्या सिंहासनावर बसवला. हिंदू देवतांचे हे राक्षसीकरण कसे झाले आणि किती काळ टिकले याचा मागोवा पार्थ मित्तर यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी आणि बारदेस येथील देवळे पाडली गेली तेव्हा त्या कृत्यामागे सत्तेचे अनेक हेतू होते हे खरे; तथापि आत जे आहे ते दैवत नसून सैतान आहे, या समजुतीने पाडणाराचे मन निःशंक केले होते. म्हणून सैतानपूजक हा शब्द आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. एके काळी तो आपल्या आजे-पणज्यांना उद्देशून वापरला गेला आहे.

या आरोपाचा इतिहास लांब आहे आणि त्याची रीत ठरलेली आहे. १३०७ साली फ्रान्सच्या राजाने टेंपलर या धर्मयोद्ध्यांना पकडले तेव्हा त्यांच्यावर मूर्तिपूजेचा आरोप ठेवला गेला आणि यातनांनी कबुलीजबाब मिळवले गेले. राजा त्यांचा मोठा ऋणको होता, ही गोष्टही तितकीच प्रसिद्ध आहे. त्या खटल्यात उच्चारलेल्या ‘बाफोमेट’ या नावाशी आज जोडले जाणारे बकऱ्याच्या डोक्याचे चित्र टेंपलरांचे नव्हे. ते एलिफास लेवी या फ्रेंच गूढविद्यालेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काढले. त्याच शतकाच्या अखेरीस लेओ ताक्सिल या पत्रपंडिताने फ्रीमेसन सैतानाला भजतात असे सांगणारी पुस्तकांची मालिकाच काढली. धर्मनिष्ठ वाचकांनी ती डोक्यावर घेतली. १८९७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या भरसभेत त्याने ती सारी थट्टा होती असे जाहीर केले. तरीही त्यातील मजकूर पुरावा म्हणून पुढे फिरतच राहिला. लबाडी उघडी पडली म्हणजे तिचा अंत होतो, हा आपला भाबडा विश्वास आहे.

विसाव्या शतकात, ज्ञानविज्ञानाने संपन्न अशा अमेरिकेत, हीच रीत पुन्हा दिसली. १९८० साली एका मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या रुग्णेच्या ‘जागृत केलेल्या’ आठवणींवर आधारलेले एक पुस्तक प्रसिद्ध केले. सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्या मुलांचा छळ करतात, ही समजूत त्यानंतर सर्वत्र पसरली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेचा खटला १९८३ मधील आरोपांतून उभा राहिला आणि १९९० साली संपला, तेव्हा एकाही व्यक्तीवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. लहान मुलांना सूचक प्रश्न पुनःपुन्हा विचारून हवी ती उत्तरे मिळवली गेली होती. अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेतील केनेथ लॅनिंग यांनी १९९२ च्या आपल्या अहवालात, नरबळी देणाऱ्या अशा संघटित जाळ्याला दुजोरा देणारा पुरावा आढळत नाही, असे नमूद केले. बालकांवरील अत्याचार हा खरा आणि भयंकर गुन्हा आहे. परंतु काल्पनिक टोळीच्या शोधात खऱ्या गुन्हेगाराकडे दुर्लक्ष होते, आणि निरपराध माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात सडतात.

इराकमधील यझिदी समाजाची कथा तर याहून दारुण आहे. ‘मेलेक ताऊस’ म्हणजे मयूर-देवदूत हे त्यांचे आराध्य. शेजाऱ्यांनी त्यालाच सैतान ठरवले आणि यझिदींना सैतानपूजक म्हटले; ते स्वतः असे कधी मानत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजार भागात सशस्त्र धर्मांधांनी त्यांची कत्तल केली, हजारो स्त्रिया-मुलांना गुलाम केले. एका शब्दाचे मोल कोठवर जाऊ शकते हे येथे दिसते.

आता आराधनेकडे वळू. स्वर्गदूतांचे बंड आणि त्यांचे पतन ही कथा मराठी वाचकाला आधी ओवीत भेटली आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याच्या पूर्वार्धात ती कथा आहे. स्टीफन्सच्याच मायदेशात मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ निघाले ते १६६७ साली, म्हणजे एक्कावन्न वर्षांनंतर. पुराणकाराचा पतित देवदूत हा उपदेशाचा दृष्टान्त आहे. मिल्टनचा सैतान हे एक व्यक्तिमत्त्व आहे. पराभूत झालेला, तरी वाकण्यास नकार देणारा, वक्तृत्वाने भारून टाकणारा, आणि एकांतात आपल्या पतनाची वेदना स्वतःशी कबूल करणारा. ब्लेकने मिल्टनला नकळत सैतानाच्या पक्षाचा ठरवले. शेलीने मिल्टनच्या सैतानाला नैतिक दृष्ट्या त्याच्या देवाहून वरचढ मानले. १८२१ साली साउदीने बायरन आणि त्याच्या पंथीयांना ‘सैतानी संप्रदाय’ म्हणून हिणवले. १८६५ साली इटलीत कार्दुच्चीने सैतानाचे स्तोत्र प्रसिद्ध केले. त्याचा सैतान म्हणजे बुद्धिस्वातंत्र्य आणि प्रगती. यांपैकी कोणी मध्यरात्री बकरा कापत नव्हता. राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्याविरुद्ध उभे राहण्यासाठी त्यांना एक प्रतिमा हवी होती, ती मिल्टनने त्यांच्या हाती दिली.

हे वाचन सर्वांना मान्य झाले नाही. सी. एस. लुइस यांनी १९४२ साली त्याला कडाडून विरोध केला. स्टॅन्ले फिश यांनी १९६७ साली, वाचकाला मोहात पाडून त्याच्या स्वतःच्या पतनाची जाणीव करून देणे हीच मिल्टनची योजना आहे, असे प्रतिपादन केले. माझ्या मते फिश यांचे म्हणणे काव्याच्या अधिक जवळ जाते. पण काव्य चुकीचे वाचले गेले तरी त्या वाचनाचा इतिहास खोटा ठरत नाही. पराभूताच्या बाजूने कथा पुन्हा वाचण्याची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. मिल्टनचा भक्त मायकेल मधुसूदन दत्त याने १८६१ साली मेघनादाला नायक केले. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त वामनाला कपटी आणि बळीला न्यायी राजा ठरवले. फुले निर्मिकाला मानणारे; त्यांच्या मांडणीचा सैतानाशी संबंध नाही. साम्य आहे ते वाचनाच्या पद्धतीत. विजेत्याने लिहिलेल्या कथेत खलनायक ठरला तो खरोखर खल होता काय, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

सैतानाच्या नावाने उघडपणे संस्था काढली ती अँटन लावे या अमेरिकन गृहस्थाने, १९६६ च्या ३० एप्रिलला, सॅन फ्रान्सिस्को येथे. १९६९ साली त्याचे ‘सैतानाचे बायबल’ निघाले. नावाला भिऊन ते कोणी वाचत नाही, म्हणूनच गैरसमज टिकून आहेत. लावे देव मानीत नाही आणि सैतानही मानीत नाही. त्याच्या लेखी सैतान म्हणजे मनुष्याच्या देहस्वभावाचे प्रतीक. प्राण्यांचा आणि बालकांचा बळी तो स्पष्टपणे निषिद्ध ठरवतो.

तथापि आरोपातून निर्दोष सुटलेला ग्रंथ चांगला ग्रंथ असतोच असे नाही. त्याच्या आरंभीच्या भागातील बराच मजकूर ‘बळी तो कान पिळी’ असा उघड पुरस्कार करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील एका पुस्तकातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे, आणि शेवटी जॉन डी या एलिझाबेथकालीन पंडिताची आवाहने देवाच्या जागी सैतान घालून दिली आहेत. दुर्बलांविषयीची तुच्छता हा त्याचा खरा दोष आहे. विधी आणि मंत्र हे केवळ नेपथ्य. मिल्टनच्या सैतानाने काहीतरी गमावले आहे, आणि ते तो विसरू शकत नाही. म्हणून तो मोठा. लावेच्या सैतानाने काहीच गमावलेले नाही. तो केवळ आत्मसंतुष्ट आहे. बंडखोराचा वेष चढवून आलेला हा बाजारातील यशस्वी मनुष्य आहे.

पुढे या मतातही फाटे फुटले. १९७५ साली मायकेल ॲक्विनो याने वेगळी वाट धरली; त्याच्या पंथात इजिप्तचा सेत हे सत्य अस्तित्व मानले जाते. २०१३ साली निघालेल्या ‘सॅटॅनिक टेंपल’ने उलट दिशा घेतली. ती संस्था निरीश्वरवादी असून तिच्या सात तत्त्वांत अनुकंपा पहिल्या स्थानी आहे. सरकारी आवारात बायबलमधील दहा आज्ञांची शिळा चालत असेल तर आमचा बाफोमेटही चालला पाहिजे, असा तिचा दावा. म्हणजे धर्म आणि शासन यांच्या विभक्ततेसाठी चालवलेले हे एक विडंबनयुक्त आंदोलन आहे. हे तीन पंथ परस्परांना खरे सैतानवादी मानायला तयार नाहीत. या बाबतीत ते इतर सर्व धर्मांसारखेच आहेत.

काळी बाजू नाही असेही नव्हे. नॉर्वेत १९९२ पासून विशिष्ट संगीताच्या नादी लागलेल्या तरुणांनी जुनी चर्चे जाळली. इंग्लंडात उगम पावलेल्या ‘ऑर्डर ऑफ नाइन अँगल्स’ या गटाचा नाझी विचारांशी आणि हिंसेशी संबंध दिसून आलेला आहे. असे गुन्हे जेथे घडतील तेथे ते गुन्हे म्हणून तपासावेत. त्यासाठी कायदा पुरेसा आहे. सैतानाला साक्षीदार म्हणून बोलावण्याची गरज नाही.

यापुढे कोणी कोणाला सैतानपूजक म्हणेल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात: हे नाव त्या माणसाने स्वतः घेतले आहे की दुसऱ्याने दिले आहे, स्वतः घेतले असल्यास त्याचा अर्थ तो काय सांगतो, आणि दुसऱ्याने दिले असल्यास देणाराचा त्यात काय लाभ आहे. ईयोबाच्या ग्रंथातला सातान देवासमोर उभा राहून एका निरपराध माणसावर संशय घेत होता. त्या जुन्या अर्थाने पाहिले तर सैतानाचे काम आजवर कोणी अधिक निष्ठेने केले आहे, आराधकांनी की आरोप करणारांनी, याचा निर्णय वाचकांनीच करावा.