‘नेमेसिस’ : डेकवरून दिसलेली आणि काठावरून न दिसलेली

वाफेच्या युद्धनौकांविषयी वर्गात सांगायचे तर ‘नेमेसिस’सारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. ईस्ट इंडिया कंपनीसाठी ही लोखंडी तोफनौका १८३९ मध्ये इंग्लंडात, बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्यात बांधली गेली. पहिल्या अफू युद्धातील तिच्या कामगिरीवर डब्ल्यू. डी. बर्नार्ड यांनी १८४४ मध्ये दोन खंडांचे पुस्तक प्रसिद्ध केले. कप्तान हॉल यांच्या टिपणांवर ते आधारलेले आहे.

विज्ञानशिक्षकाला हे पुस्तक भरपूर देते. नौका १८४ फूट लांब, २९ फूट रुंद. तरी तिला सहा फूट पाणी पुरे, कारण तळ सपाट. पण सपाट तळाची नौका वाऱ्याने बाजूला सरकते. म्हणून तळातून खाली सोडता येतील अशा दोन फळ्या बसवल्या होत्या. पोटात जलरोधक भिंती होत्या. एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहत. लोखंडामुळे होकायंत्र चुके. ती चूक चुंबक लावून सुधारण्याची एअरी यांची पद्धत येथे वापरली गेली. १८४० मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वादळात तिच्या दोन्ही कुशी तडकल्या, तेव्हा डेलागोआ उपसागरात दुरुस्ती करून ती पुढे निघाली.

आमचा आक्षेप यापुढचा आहे. ७ जानेवारी १८४१ रोजी च्वेनपी येथे ‘नेमेसिस’च्या अग्निबाणाने एक चिनी जंक नौका स्फोट होऊन उडाली. त्यावरचा एकही माणूस वाचला नाही. लेखकाला तेथे ज्वालामुखी आठवतो. दृश्याची भीषणताही जाणवते. पण ती माणसे कोण होती, हे आपल्याला कळत नाही. मार्चमध्ये मोठ्या जहाजांना अशक्य अशा उथळ खाड्यांतून नौका मकावहून कॅन्टनकडे गेली. तोही प्रवास आपण डेकवरूनच पाहतो, काठावरून नाही.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. ज्या व्यापारापायी हे युद्ध पेटले, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात होती.

तेव्हा पुस्तक जरूर वापरावे. सपाट तळाला पाणी कमी का लागते, हे मुलांकडून पाण्यावर थाळी आणि पेला तरंगवून काढून घ्यावे. मात्र त्याच तासाला दुसरा प्रश्नही विचारावा : परक्या देशाच्या उथळ नदीत तोफ नेण्याची गरज कोणाला होती, आणि कशासाठी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बर्नार्ड देतात. दुसऱ्यासाठी शिक्षकाला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागेल.